फक्कीच्या भिंती

प्रिय सई आणि चिन्मय,

सईने पाठवलेला नव्या घराचा नकाशा मी परवापासून न्याहाळते आहे. कुठली भिंत पाडायची, स्वयंपाकघर उघडं ठेवायचं की बंद, हे तिने मला विचारलंय. सोबत निरनिराळ्या देशांतल्या घरांची पुष्कळ चित्रंही पाठवली आहेत. जपानमधलं एक पांढरंशुभ्र घर, कुठल्याशा तळ्याकाठचं काचेचं, मेक्सिकोतलं गुलाबी भिंतींचं. सगळी सुंदर आहेत, आणि एकाही घरात माणूस नाही. चिन्मयचं उलटं. तो टोरांटोत भाड्याची घरं सारखी बदलतो आणि म्हणतो, "आजी, मला घर नकोच. दोन बॅगा पुरे."

तुम्हा दोघांना काय उत्तर द्यावं ते कळेना. मग उठून मागच्या पडवीत गेले आणि दूध पावडरीचा तो मोठा डबा शोधला. झाकणाला खिळ्याने भोकं पाडलेला. आत तळाशी अजून थोडी फक्की आहे, खेळाच्या मैदानावर आखतात ती पांढरी पूड. डबा अनघाचा. तो हातात घेतल्यावर वाटलं, तुमच्या प्रश्नाचं उत्तर तिच्याकडे होतं. ती आता इथे नाही, म्हणून तिच्याविषयी मीच लिहावं. सावकाश वाचा. एखादा शब्द अडलाच तर बाबाला विचारा.

अनघा आमच्या कर्जत-दहिवलीच्या घरी वरच्या मजल्यावर भाड्याने राहत असे. ती आणि तिची आई, माई. तुम्ही लहानपणी एका सुट्टीत तिला पाहिलंय. जिना ती कधी चालत उतरली नाही, दोन-दोन पायऱ्या टाकत उतरे आणि शेवटच्या तीन सोडून उडी मारे. तेव्हा ती पन्नाशी ओलांडलेली बाई होती. उंच, किडकिडीत, केस कात्रीने स्वतःच कापलेले, आणि फक्कीने हातांची साल निघालेली. खोबरेल तेलाची बाटली तिच्या पिशवीत असे आणि बोलता बोलता ती हातांना तेल चोळत राही. बसून बोलणं तिला जमत नसे. चहासुद्धा ती फिरत प्यायची, आणि कप कुठेतरी विसरायची. माझे कप मला कुंडीत, मीटरच्या पेटीवर, एकदा तर शेजारच्या रिक्षात सापडले आहेत.

ती वास्तुरचनाकार होती. हॉलंडमध्ये शिकली, तिथेच काही वर्षं काम केलं, मग जपान, मग दक्षिण अमेरिका. प्रत्येक ठिकाणी लोकांची राहती घरं बांधली आणि प्रत्येक ठिकाणाहून काम ऐन रंगात आलं असताना निघाली. वडील गेल्यावर माईला एकटं ठेवायचं नाही म्हणून ती जिथे जाई तिथे माईलाही नेई. शेवटी माईनेच सांगितलं, "आता मला मराठी बोलणाऱ्या भाजीवालीच्या देशात ने." मग त्या कर्जतला आल्या, कारण मुंबईच्या लोकांनी इथे शनिवार-रविवारची घरं बांधायचा सपाटा लावला होता आणि अनघाला काम हवं होतं.

माईविषयी एक गोष्ट आधीच सांगते, म्हणजे पुढचं समजेल. माईचे यजमान पाटबंधारे खात्यात होते. सगळा जन्म सरकारी क्वार्टरांत गेला. दर बदलीला नवं क्वार्टर, तेच पिवळे दरवाजे. एकदा नागपूरच्या प्रदर्शनात त्यांनी माईला सांगितलं, "आता घर बांधायचंच, तू पडद्याचं कापड घेऊन ठेव." माईने घेतलं. जाड हातमागाचं, विटकरी रंगाचं, कडेला निळी वेल. दुकानात तिने दोन्ही हात फैलावून माप दाखवलं होतं, की आपली खिडकी एवढी. पडदा शिवूनही आणला. घर काही झालं नाही. पुढच्या कुठल्याच खिडकीला तो बसला नाही. कुठे लांब, कुठे आखूड. कापून छोटा करायला माई तयार नव्हती.

"खिडकी पडद्याच्या मापाची करायची," ती म्हणे. "पडदा खिडकीच्या मापाचा कोणीही करतं."

"माई, माझ्या घरात पडदे नसतील," अनघा फिरता फिरता सांगे. "उजेड अडवायला मी खिडक्या करत नाही."

"तू घर तर कर. मग बघू कोण काय अडवतं."

पडद्यावरून त्यांचं जुनं भांडण होतं. हॉलंडमध्ये म्हणे लोक रस्त्यावरच्या खिडक्यांनाही पडदे लावत नाहीत, दिवाणखाना सगळ्या गल्लीला दिसतो. माई तिथे राहायला गेली तेव्हा जेवताना येणाऱ्या-जाणाऱ्यांनी बघावं हे तिला सहन होईना. तिने सरळ एक नऊवारी लुगडं काढलं आणि खिडकीवर टांगलं. संध्याकाळी शेजारीण सूप घेऊन आली, घरात कोणी आजारी आहे का विचारायला. "सूप बरं होतं," माई सांगे, "पण लुगडं मी काढलं नाही."

आता डब्याकडे येते. अनघाची काम करायची एक रीत होती, तिच्यापायी तिची अर्धी गिऱ्हाइकं पळाली आणि उरलेली तिला अजून विसरलेली नाहीत. ती आधी चित्रं दाखवत नसे. नकाशा ठरला की ती खुंट्या आणि सुतळी घेऊन त्या रिकाम्या जमिनीवर जाई आणि डब्यातून फक्की शिंपडत आख्खं घर खऱ्या मापात आखून काढी. भिंतीच्या जागी रेष, दाराच्या जागी मोकळी जागा. मग त्या घराच्या मालकांना सकाळीच बोलवी आणि दिवस मावळेपर्यंत त्यात राहायला लावी. जेवण, चहा, दुपारची झोप, सगळं तिथे.

"आधी चालून बघा," ती म्हणे. "चित्रातल्या घरात कोणी चहा सांडत नाही."

मी शाळेतून निवृत्त झाले होते. अनघा एक दिवस म्हणाली, "बाई, चला, तुम्हाला पर्यवेक्षण येतं." भिवपुरीच्या बाजूला ठाण्याच्या एका जोडप्याची जमीन होती. नवरा-बायको आणि नवऱ्याची आई. बायकोच्या फोनमध्ये सईच्यासारखीच चित्रं होती, मधोमध ओटा असलेलं स्वयंपाकघर, काचेची भिंत, पोहण्याचा तलाव. अनघाने त्यांनी मागितलं तसंच घर आखलं होतं, काही न बदलता.

नवरा गाडीतून उतरला आणि फोनवर बोलत सरळ आत निघाला.

"भिंत!" अनघा ओरडली.

तो दचकून थांबला. "कुठे?"

"तुम्ही तिच्यात उभे आहात. मागे या. दारातून या."

"मॅडम, याच्यापेक्षा थ्रीडीत दाखवलं असतं तर?"

"हे थ्रीडीच आहे. वर आकाशापर्यंत."

दुपारपर्यंत ते सरावले. बायकोने मधल्या ओट्याच्या जागी सतरंजी टाकून डबे मांडले, पण प्रत्येक वेळी पाण्यासाठी त्याला वळसा घालताना ती वैतागली. सासूबाईंची खोली चित्रात फार शांत दिसत होती, एकदम टोकाला, झाडाखाली. त्या दुपारी आडव्या झाल्या, मग बाथरूमच्या जागेपर्यंत म्हणून निघाल्या. चालत चालत जेवणाच्या टेबलापाशी थांबल्या, दम घेतला, कंबरेवर हात ठेवून मुलाला म्हणाल्या, "काय रे, बाथरूमला निघाले की माथेरानला?"

मुलगा हसला. सून हसली नाही. तिने बराच वेळ त्या टोकाच्या चौकोनाकडे पाहिलं आणि अनघाला हळूच म्हणाली, "आईंची खोली आपण आत घेऊ शकतो का?"

अनघाने तिथल्या तिथे पायाने रेष पुसली. तिला त्याच क्षणी सर्वांत आनंद होत असे. आखण्यापेक्षा पुसण्यात. नवी रेष ती इतक्या घाईने ओढी की फक्कीचा धुरळा उडे आणि सगळी खोकू लागत. आणि एक गंमत सांगते. सगळ्यांना दारातून जायला लावणारी ही बाई स्वतः मात्र कुठल्याही भिंतीतून आरपार जायची. मी तसं म्हटलं तर म्हणाली, "बाई, मला माहितीये ना भिंत कुठे आहे. मला चालतं."

कर्जतला आल्यावर लगेचच तिने खालापूरच्या अलीकडे, चौक गावातून आत, एक तुकडा घेतला होता. खाली भाताची शेतं, समोर प्रबळगड, आणि वारा त्या बाजूचा असला की द्रुतगती मार्गावरच्या ट्रकांची घरघर. माईला तिथे नेऊन उभं केलं आणि म्हणाली, "इथे तुझं घर." त्या दिवशी माईने पडद्याला पुन्हा एकदा ऊन दाखवलं.

पावसाळा सरला, भात कापून झालं, आणि अनघाने पहिल्यांदा स्वतःचं घर आखलं. माई प्लॅस्टिकच्या खुर्चीत, मी शेजारी. अनघा खुंट्या ठोकत होती. प्रत्येक खुंटीला नीट दिसावी म्हणून लाल कापडाची चिंधी बांधलेली. एवढंच चुकलं. त्या भागात लाल चिंधीची खुंटी लोकांनी आधी पाहिली होती, आणि प्रत्येक वेळी तिच्यामागून रस्ता नाहीतर रेल्वे आली होती. थोड्या वेळात बांधावरून माणसं येताना दिसली. पुढे शेजारच्या शेताचा मालक बाळाराम, मागे त्याची बायको ठमाबाई, आणखी पाचसहा जण. बाळारामाने येता येता दोन खुंट्या उपटल्या आणि पायाने फक्की विसकटली.

"कुनाचा सर्वे हाय ह्यो?" तो म्हणाला. "आमाला नोटीस नाय, काय नाय. कोनी पाटवलं तुमाला?"

अनघा हातोडा घेऊन तशीच धावली. मला वाटलं आता समजावून सांगेल. पण ती भडकली ती दुसऱ्याच गोष्टीने.

"तुम्ही माझ्या स्वयंपाकघरातून आलात!"

"कुटल्या स्वयंपाकघरातनं?"

"हे काय! हा ओटा तुडवलात तुम्ही!"

बाळारामाने पायाखाली पाहिलं, मग मागच्या मंडळींकडे. अशा बाईशी भांडावं कसं, हे त्याला कळेना. तेवढ्यात माई खुर्चीतून बोलली, अगदी पाहुण्यांशी बोलावं तशी.

"अहो, घर आहे ते. आमचं घर. सर्व्हे नाही काही. या ना आत, चहा घ्या. फक्त दारातून या. दार त्या बाजूला आहे."

कोणी हललं नाही. मग ठमाबाईच पुढे झाली. रेषेला वळसा घालून दाराच्या मोकळ्या जागेपाशी आली आणि सवयीने बाहेर चपला काढल्या. आत पाऊल टाकलं, आणि ढेकळांवर उभी राहून म्हणाली, "लादी लय गार हाय गं बाय तुमची!"

हसू फुटलं ते फुटलंच. सगळे दारातून आले. चपला बाहेर ओळीने. थर्मासमधला चहा झाकणातून, वाटीतून, मिळेल त्यातून वाटला. बाळाराम मात्र बराच वेळ दाराबाहेर उभा होता. आत आला तेव्हा उपटलेल्या दोन्ही खुंट्या त्याने माईच्या हातात दिल्या. "आजी," तो म्हणाला, "चिंदी तेवडी काडून टाका. ती बगितली का आमाला झोप नाय लागत."

त्या संध्याकाळी अनघा फार खुशीत होती. घर लगेच बांधू, म्हणाली. आणि आठ दिवसांनी सगळं पुसून टाकलं.

पुढची काही वर्षं हेच चाललं. पावसाने रेषा धुवायच्या, दिवाळीनंतर नव्याने आखायचं. एका वर्षी मधे झाड असलेलं घर, कारण व्हिएतनाममध्ये तिने तसं पाहिलं होतं. एका वर्षी जपानी पद्धतीचं, एकच मोठी खोली आणि दिवसा गुंडाळून ठेवायची अंथरुणं. एका वर्षी लांबच लांब, जेमतेम बैलगाडीइतकं रुंद. लोकांची घरं ती वेळेत उभी करून देई, कर्जतपासून नेरळपर्यंत तिची घरं आहेत. स्वतःच्या घराची पहिली वीट लावायची वेळ आली की मात्र तिला दुसरं काहीतरी सुचे. रात्रंदिवस तिच्या डोक्यात घरं फिरत. मी एकदा विचारलं, "अनघा, तू घाबरतेस का?" ती चहाचा कप खिडकीत ठेवून म्हणाली, "बाई, एक घर बांधलं की बाकीची सगळी मरतात." आणि निघून गेली. कप तिथेच राहिला.

माई मात्र त्या प्रत्येक घरात राहिली होती. खरंच सांगते, राहिली होती. ती त्यांच्याविषयी क्वार्टरांसारखंच बोले. "आपण त्या झाडाच्या घरात होतो ना, तेव्हा वाल फार छान आला होता." किंवा, "मागच्या घरात माझी खोली पूर्वेला होती. तेच बरं होतं." हिवाळ्यात ठमाबाईची माणसं तिथे पोपटी लावत, मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, बटाटे. तेव्हाही माई त्यांना बजावी, "अरे, मागच्या अंगणात लावा. धूर दिवाणखान्यात येईल." आणि ती माणसं खरोखर मडकं उचलून रेषेपलीकडे नेत. ठमाबाई अनघाला टोमणे मारी. "काय गं ताय, औंदा कुटलं घर? आमी ह्या घरातली वाट पाठ करतो तवर तू भिंत फिरवतेस. रातचं आंधारात डोकं आपटंल ना आमचं!"

मग माईचं हृदय थकलं. कर्जतच्या डॉक्टरांनी औषधं दिली आणि जिना चढू नका म्हणाले. मी माझी खालची खोली रिकामी केली. माई त्या खोलीत आली, चारी भिंतींकडे पाहिलं, खिडकीपाशी जाऊन दोन्ही हात फैलावून माप घेतलं आणि पलंगावर बसली. खिडकी लहान होती. दुसऱ्या दिवशी तिने पडदा माझ्या हातात दिला. "बाई, तुमच्या कपाटात राहू दे. तुमचं कपाट नीट असतं." आणि मग, "आता आणखी एक बदली झेपणार नाही हो मला."

हे तिने अनघाला सांगितलं नव्हतं. पण अनघा दारात उभी होती.

त्या वर्षी अनघाने दिवाळीची वाटही पाहिली नाही, शेतात भात उभं असतानाच आखायला घेतलं. हे घर आधीच्या सगळ्यांपेक्षा मोठं होतं आणि तिला एकही रेष पटत नव्हती. आखायची, पुसायची. मजूर कंटाळून गेले. थंडी सरत आली तरी तेच. एका सकाळी माईने हट्टाने रिक्षा बोलावली आणि मला घेऊन तिथे गेली. खुर्ची नेली होती. प्लॉटवर इकडे-तिकडे पाहिलं, ऊन कुठून येतंय, डोंगर कुठे दिसतोय, आणि एका जागी खुर्ची ठेवून बसली.

अनघा डबा हलवत आली. "माई, जरा ऊठ. वारा पश्चिमेचा धरून मी सगळं फिरवतेय."

"नाही."

"नाही म्हणजे? दोन मिनिटं गं."

"खुर्ची हलायची नाही."

"माई, तू जिन्यात बसली आहेस!"

"मग जिना हलव."

अनघा हसली. माई हसली नाही. पदर मांडीवर नीट घेऊन ती म्हणाली, "अनघा, तू जगभर लोकांना विचारत हिंडलीस, तुम्ही कुठे बसता, कुठे निजता. मी इथे बसते. इथून मला डोंगर दिसतो, आणि ती ठमा काय करते ते दिसतं. आता तू पुसायचं ते पूस. मला नको पुसूस."

बाळाराम बांधावर उभा होता, त्याने मान दुसरीकडे वळवली. अनघा चालायला लागली. खुर्चीभोवती, रेषांतून, भिंतींतून, कशाचीही पर्वा न करता, एकदा रस्त्यापर्यंत गेली आणि परत आली. हातातून फक्की सांडत होती आणि तिच्या मागे वेडीवाकडी पांढरी शेपटी उमटत होती. मला तिच्याकडे पाहवेना. मग ती माझ्यासमोर येऊन थांबली.

"बाई, पडदा तुमच्याकडे आहे ना? त्याची रुंदी हवीये मला. आजच."

दक्षिण अमेरिकेतल्या एका देशात तिने काम केलं होतं. तिथे गरिबांसाठी अर्धीच घरं बांधून देतात, असं ती सांगे. छप्पर, स्वयंपाकघर, न्हाणी एवढं पक्कं, आणि शेजारी तेवढीच मोकळी जागा. उरलेलं अर्धं ज्याने त्याने आपल्या सवडीने भरायचं. तेच तिने केलं. खुर्चीभोवती एक खोली, तिला लागून चूल आणि न्हाणी. विटा जवळच्याच भट्टीतल्या, वर कौलं. खिडकीची चौकट पडद्यावरून बेतली, आणि तिची खालची कड खुर्चीत बसलेल्या माईच्या कोपराच्या उंचीला. गवंड्यांशी ती रोज भांडली, पण आखलेली एकही रेष तिने हलवली नाही. पाऊस यायच्या आधी कौलं चढली.

उरलेलं घर फक्कीचंच राहिलं. खोलीच्या खऱ्या दारातून बाहेर पडलं की तुम्ही दिवाणखान्याच्या रेषांत उभे राहत होतात, आणि तिथून पुढे मोठं दार, त्याच्या दोन बाजूंना माईने दोन विटा ठेवून घेतल्या होत्या.

पडदा माईने स्वतः लावला. स्टुलावर चढू दिलं नाही म्हणून दांडी अनघाने वर धरली, पण कड्या माईने ओवल्या. पडदा दोन्ही बाजूंनी नेमका बसला. अनघा त्याकडे बघत म्हणाली, "उजेड गेला सगळा."

"मग सार की बाजूला," माई म्हणाली. "त्याचसाठी असतो तो."

माई तिथे एक पावसाळा राहिली आणि त्यानंतरची दिवाळी. पावसाने रेषा गेल्या, त्या ठमाबाईने दिवाळीत पुन्हा काढल्या, रांगोळीच्या हाताने, सरळ आणि बारीक. रोज संध्याकाळी माई काठी टेकत आख्ख्या घरातून एक फेरी मारी. दिवाणखाना, जेवणाची जागा, अनघाची खोली, मोठं दार. दूध घालायला येणारा माणूसही विटांमधून यायला शिकला होता, कारण भिंतीतून आला की माई दूध घेत नसे. अनघा मात्र तशीच. खोलीतून निघाली की सरळ रस्त्याकडे, भिंतीतून.

माई गेली ती थंडी सुरू होताना, खुर्चीत, सकाळी. पडदा बाजूला सारलेला होता.

त्यानंतर अनघाला त्या खोलीत राहता येईना आणि ती सोडताही येईना. माझ्याकडे येई, जेवे, अर्ध्यावर उठे. जागा विकायची असेल तर दाखवायला माणसं आणू का, मी विचारलं. म्हणाली, "नको." उरलेलं घर बांधणार का, विचारलं. म्हणाली, "नको." होळीच्या सुमारास तिला परदेशातून कामाचं बोलावणं आलं आणि तिने डबा माझ्या पडवीत आणून ठेवला. हात त्या दिवशी स्वच्छ होते.

निघायच्या दिवशी मी आणि ठमाबाई तिथे होतो. रिक्षा रस्त्यावर उभी होती. अनघाने खोलीला कुलूप लावलं, किल्ली ठमाबाईला दिली, दोन्ही बॅगा उचलल्या आणि नेहमीसारखी सरळ चालायला लागली. रेष आता जेमतेम दिसत होती. रेषेपाशी ती थांबली. बॅगा हातातच होत्या. मग ती वळली, भिंतीच्या कडेकडेने मोठ्या दारापर्यंत गेली, दोन विटांच्या मधून बाहेर पडली आणि तिथून रस्त्याकडे.

"बगा," ठमाबाई मला म्हणाली. "आज भिंत दिसली बायला."

मागे वळून न बघता ती रिक्षात बसली. मी पाहिलेली अनघा ती शेवटची. अधूनमधून तिचा फोन येतो, दर वेळी निराळ्या देशाच्या नंबरावरून. खुशाली विचारायच्या आधी ती विचारते, "पडदा आहे ना?"

तेव्हा सई, भिंत पाडायच्या आधी एक दिवस तिच्या दोन्ही बाजूंना राहून बघ. आणि चिन्मय, दोन बॅगांत काय काय मावत नाही, त्याचाही कधी विचार कर. याहून जास्त मला सांगता येत नाही.

गेल्या आठवड्यात मी रिक्षा करून तिकडे जाऊन आले. खोली उभी आहे. कौलं दोन ठिकाणी बदलावी लागतील. ठमाबाई आत भाताची पोती ठेवते आणि पडदा दर दिवाळीला धुते. उन्हाकडच्या बाजूने तो फिका झाला आहे, निळी वेल मात्र दिसते. फक्की केव्हाच गेली. पण गवतात एक पायवाट आहे. खोलीच्या दारातून निघते, सरळ रस्त्याकडे न जाता कडेकडेने वळते आणि दोन विटांच्या मधून बाहेर पडते.

तुमची,
आजी